हातात सुया, मुखी नाम

प्रश्न : मी अकोल्याला जठारपेठेत राहते. वय सत्तरीच्या आसपास. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-अकोल्यात पुन्हा सगळं बंद झालं तेव्हा घरात एकटीच होते. लेक अमरावतीला. एरवी सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढंच अंतर, पण तेव्हा ती येऊ शकत नव्हती आणि मी जाऊ शकत नव्हते. त्या दिवसांत ट्रंकेतली जुनी लोकर काढून नातवासाठी स्वेटर विणायला घेतला. प्रत्येक टाक्याला गजानन महाराजांचं नाव घ्यायची. रात्रीची झोप परत आली ती त्यामुळे, असं मला मनापासून वाटतं. लेक म्हणते, ‘आई, ते तुझं मेडिटेशन होतं.’ शेजारचे काका म्हणतात, वेळ घालवायचं साधन होतं, बाकी काही नाही. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. नेमकं काय घडलं असेल? आणि आपल्या वऱ्हाडात याआधी कुणी अशा बंदिस्त दिवसांत हातकामाचा आणि प्रार्थनेचा आधार घेतला होता का?

उत्तर : ताई, लेकीचं आणि काकांचं, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण तुमचा अनुभव त्या दोन्ही उत्तरांत मावत नाही हेही खरं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते दिवस आठवू. २०२० च्या मार्चमधली टाळेबंदी साऱ्या देशाने मिळून सोसली. २२ तारखेचा जनता कर्फ्यू, मग २५ मार्चपासूनचे एकवीस दिवस. घरात कोंडलो होतो, पण सगळेच कोंडलेले होते. फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट निराळी. पुण्या-मुंबईकडे लग्नं लागत होती, लोक म्हणत होते की संपला आता कोरोना. आणि २२ फेब्रुवारीच्या रात्री आठपासून अमरावती शहर पुन्हा बंद झालं. आठवडाभराची मुदत होती, ती ८ मार्चपर्यंत वाढली. अचलपूर त्यात होतं, अकोल्याकडेही निर्बंध कडक झाले. देशातली दुसरी लाट सर्वांत आधी दिसली ती आपल्याकडे. जग उघडं असताना आपलंच दार बंद असणं, हे एकटेपण मला पहिल्या टाळेबंदीपेक्षा जड गेलं, आणि वऱ्हाडातल्या अनेकींनी तेच सांगितलं.

त्यात देवळाचं दार. महाराष्ट्रातली मंदिरं २०२० च्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, उघडली होती. पुन्हा बंद झाली ती थेट ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराची कावड नेहमीसारखी निघाली नाही. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीमातेची पालखी २०२१ साली इतर मानाच्या पालख्यांसारखी बसने पंढरपूरला गेली. शेगावची पालखी अकोल्यातून जाते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहणाऱ्या तुमच्यासारख्या बायकांना त्या दोन्ही वर्षी रिकामा रस्ता पाहावा लागला. तेव्हा ज्यांची प्रार्थना रांगेवर, प्रसादावर, आरतीच्या घंटेवर अवलंबून होती ते फार सैरभैर झाले. तुमची तशी नव्हती. ती टाक्यावर बसली होती.

आता लेकीच्या मुद्द्याकडे. नामाचा शरीरावर परिणाम होतो का, हे मोजण्याचा एक चांगला प्रयत्न इटलीत झाला. लुचानो बर्नार्दी नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक, लॅटिन भाषेतली मेरीची जपमाळ. दुसरी, ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र. दोन्ही म्हणताना श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आली. एरवी ती बारा-पंधरा असते. या संथ लयीत हृदय आणि रक्तदाब यांचा ताळमेळ राखणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली चालते असं त्यांना दिसलं. हा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डिसेंबर २००१ मध्ये छापून आला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास एकच. गट लहान होता, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण हरिपाठ म्हणून उठल्यावर छाती हलकी का वाटते, याचं एक कारण त्यात आहे.

त्याआधी, १९७५ मध्ये, हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन या डॉक्टरांनी आपल्या पुस्तकात मांडलं होतं की एखादा शब्द, आवाज किंवा हालचाल पुन्हा पुन्हा करत राहिलं आणि मधे आलेले विचार वाद न घालता जाऊ दिले, की शरीर ताणातून उतरतं. विणकामात हालचालीची पुनरावृत्ती आहे, जपात शब्दाची. तुम्ही दोन्ही एकत्र केलंत.

विणकामावरही अभ्यास आहेत. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या तीन संशोधक बायकांनी जगभरातल्या साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांना प्रश्न विचारले. जे वारंवार विणतात त्यांनी जास्त शांत आणि आनंदी वाटतं असं सांगितलं. आता ही सगळी विणायची आवड असलेलीच माणसं, ती विणकामाबद्दल चांगलंच बोलणार. म्हणून त्यावरून विणकामाने उदासी बरी होते असं म्हणता येत नाही. मला त्या आकड्यांपेक्षा विणकामाच्या रचनेत जास्त तथ्य दिसतं.

काळजीला दोन गोष्टी लागतात : मोकळे हात आणि मोकळी जीभ. आपण काळजी करतो म्हणजे मनातल्या मनात बोलतो. ‘तिला काही झालं तर? ऑक्सिजन मिळाला नाही तर? फोन का उचलला नाही?’ तेच वाक्य, तीच भीती, पुन्हा पुन्हा. नाम त्या शब्दांची जागा घेतं. आणि हात? काळजीतला माणूस उगाच पदर चुरगळतो, फोन उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. सुलट-उलट टाक्यांत दोन्ही हात गुंततात आणि फोन बाजूला पडतो. त्या दिवसांत आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय येत होतं ते आठवलं, तर फोन बाजूला पडणं हेच केवढं औषध होतं!

आणखी एक. साथीच्या दिवसांत काळाला काही खूण उरली नव्हती. सोमवार कोणता, गुरुवार कोणता, सगळं सारखं. सुईवरचं काम मात्र संध्याकाळी सकाळपेक्षा चार बोटं जास्त असतं. बॉर्डर संपली, काखेपर्यंत आलं, गळ्याचे टाके कमी करायला घेतले. दिवस गेला याचा पुरावा हातात राहतो. आणि चुकलं तर उसवता येतं. जेव्हा बाहेर घडणारं काहीच परत फिरवता येत नव्हतं, तेव्हा चार ओळी उसवून पुन्हा नीट विणता येणं हे लहान सुख नव्हतं. शेजारच्या काकांना हे सांगा. वेळ घालवणं आणि वेळेला आकार देणं यांत फार अंतर आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात माझा जीव जास्त गुंतला आहे, कारण त्याचं उत्तर आपल्या वऱ्हाडातच आहे.

अमरावतीत विद्यापीठाच्या बाजूला गेलात की तपोवन लागतं. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन, आपल्या सर्वांचे दाजीसाहेब, यांनी तिथे जगदंबा कुष्ठनिवास उभा केला. होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले. त्या काळी कुष्ठरोग झालेल्या माणसाचं विलगीकरण चौदा दिवसांचं नव्हतं, जन्माचं होतं. १८९८ चा कायदा असा होता की रस्त्यावर दिसलेल्या निराधार कुष्ठरोग्याला पोलिसाने वॉरंटशिवाय धरावं आणि आश्रयस्थानात डांबायला पाठवावं. तो कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ मध्ये! घरच्यांनी बाहेर काढलेलं, गावाने वेशीबाहेर घातलेलं, देवळाच्या पायरीवरही भीक मागण्यापुरतीच जागा. कोरोनात आपण ज्याला एकटेपण म्हणालो त्याच्या किती पट हे असेल, याचा विचार करून पाहा.

दाजीसाहेबांनी तिथे नुसती औषधाची सोय केली असती तरी लोकांनी त्यांचं नाव घेतलं असतं. पण त्यांना कळलं होतं की बहिष्कृत माणसाकडून सर्वांत आधी हिरावलं जातं ते उपयोगी असणं. म्हणून तपोवनात हातमाग आला, सुतारकाम आलं, शेती आली. ज्या हाताला कुणी शिवत नव्हतं त्या हाताने केलेली वस्तू अमरावतीच्या घरात वापरली जाऊ लागली. १९५९ मध्ये दाजीसाहेबांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते त्याहून मोठा सन्मान त्या वस्तू विकत घेणाऱ्या सामान्य घरांनी दिला. भीक घालणं सोपं आहे. त्याच माणसाने केलेली वस्तू रोजच्या वापरात ठेवायला भीती सोडावी लागते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी असंच काम १९३६ पासून चालवलं होतं. पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवनात त्याला प्रचंड रूप दिलं.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण हातकामाचं कौतुक करताना ती विसरली जाते. कुष्ठरोगात बोटं बधिर होतात. सुई टोचली, चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळते. म्हणजे ज्या कामाने मनाला आधार द्यायचा तेच काम हाताला इजा करू शकतं. म्हणून अवजारांच्या मुठी जाड करणं, काम झाल्यावर बोटं डोळ्यांनी तपासणं, हे सारं शिकवावं लागतं. आपल्यातल्या कितीतरी मधुमेही बायकांनाही हे लागू आहे. बोटांना मुंग्या येत असतील, स्पर्श कमी झाला असेल तर बोथट टोकाच्या सुया घ्या आणि उठताना बोटं उजेडात बघा.

आता प्रार्थना. तीही एकट्याची करावी की चार जणांची, हा प्रश्न आपल्या वऱ्हाडात एका माणसाने फार मनावर घेतला होता. तुकडोजी महाराज. जन्म यावलीचा, १९०९ चा, कर्मभूमी मोझरी. १९४२ च्या चळवळीत त्यांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. ते सुटल्यावर गावोगाव घेऊन गेले ती सामुदायिक प्रार्थना. सकाळी ध्यान, संध्याकाळी प्रार्थना, ठरल्या वेळी. समोर कोणत्या एका देवाची मूर्ती नाही, फक्त अधिष्ठान. जो येईल तो रांगेत बसेल, जात विचारायची नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा असलेल्या कोणत्याही गावात जा, दिवेलागणीला ते दृश्य अजून दिसतं.

या ठरल्या वेळेत मोठं मर्म आहे. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. ११ ऑक्टोबर १९६८ ला त्यांनी देह ठेवला ती ही वेळ. त्या क्षणी मोझरीत लाखोंचा समुदाय उभा असतो, पण जे येऊ शकले नाहीत तेही शेतात, दुकानात, बसस्टँडवर, जिथे असतील तिथे उभे राहतात. घरात एकटी असलेली म्हातारी त्या मिनिटाला एकटी नसते. ताई, तुमचं पत्र पुन्हा वाचलं तर तुम्हालाही हेच सापडेल. तुम्ही स्वेटर स्वतःसाठी विणत नव्हता, नातवासाठी विणत होता. नाव घेत होता ते महाराजांचं, आणि मला खात्री आहे की मधे मधे लेकीचं सुखरूप असणंही मागत होता. तुमचे हात आणि तुमचं मन दोन्ही दुसऱ्या माणसाकडे वळलेले होते. झोप परत आली ती त्यामुळे, असं मी म्हणेन. सुया आणि जप त्या वळण्याची वाट होते.

जगात इतरत्रही हे लोकांना उमगलं आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात १९९८ मध्ये दोन मैत्रिणींनी प्रार्थनेची शाल विणण्याचा उपक्रम सुरू केला. आजारी, शोकात असलेल्या माणसासाठी शाल विणायची, विणताना त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि मग ती त्याच्या खांद्यावर घालायची. एवढंच. तो कितीतरी देशांतल्या चर्चमध्ये पसरला. आपल्याकडे १९६२ च्या चीन युद्धात बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. घरातल्या आजीला विचारा, कुणाकुणाच्या घरी रात्री कंदिलाशी बसून खाकी आणि हिरव्या लोकरीचे गुंडे संपवले गेले होते. त्यातल्या किती जणींनी कोणाच्या तरी लेकराचं आयुष्य टाक्यांतून मागितलं असेल! उपक्रमाला नाव नव्हतं, बाकी सगळं तेच होतं.

आणि लोकर तरी आपल्याला कशाला हवी? वऱ्हाड कापसाचा. आपल्या आज्यांचं खरं हातकाम आणि प्रार्थना एकत्र असायची ती वाती वळण्यात. चातुर्मासात लाखवातीचा नेम धरायचा. सरकी काढलेला कापूस पिंजून, बोटाला चिमूटभर राख किंवा दूध लावून, मांडीवर किंवा तळहातावर एकेक वात वळायची, मोजून जुडगे बांधायचे. फुलवाती वेगळ्या, तेलवाती वेगळ्या, गौरी-गणपतीची वस्त्रमाळ वेगळी. तोंडाने नाम चाललेलं. लाख हा आकडाच असा की घाई करून उपयोग नाही.

पण हे लिहिताना माझा हात थोडा थांबतो. वाती वळणारी बाई आठवली की पुष्कळदा ती माजघराच्या कोपऱ्यात बसलेली, केस काढलेली, अंगावर आलवण असलेली विधवा असते. तिला लग्नाच्या मांडवात बोलावलं जात नव्हतं, सकाळी कुणाच्या समोर येऊ दिलं जात नव्हतं. वाती मात्र तिच्याकडून हव्या असत. तिलाही त्या वातींनी आणि नामाने आधार दिला असेल. दिलाच असेल, नाहीतर ती जगली कशी? पण म्हणून तिला कोपऱ्यात बसवणं योग्य ठरत नाही. ‘बाहेर बसलेल्या’ बायकांचंही तसंच. चार दिवस देवाचं नाव घ्यायची मनाई, पण गोधडीचे धागे घालायला, तूर-मूग निवडायला हात चालत. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात माळ आणि सुया देऊन ‘आईला छान विरंगुळा आहे’ म्हणत महिनोन् महिने तिच्याशी न बोलणारी घरं मी पाहते, तेव्हा मला तो कोपरा दिसतो. तुमची लेक तशी नाही हे पत्रावरून कळतंच. मी हे इतर वाचकांसाठी लिहिते आहे.

बंदिवासातलं विनोबा भाव्यांचं एक उदाहरण देते आणि हा भाग संपवते. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांना पकडलं. आधी नागपूरच्या आणि मग तुमच्या अकोल्याच्या तुरुंगात ते होते. आपल्या तुरुंगवासाच्या आठवणींत त्यांनी एकांतकोठडीबद्दल सांगितलं आहे. लहानशी खोली, पुस्तक नाही, कागद-पेन्सिल नाही, काम नाही. त्यांनी काय केलं? दिवसाचे तास वाटून घेतले. इतके झोपेचे, इतके ध्यानाचे, इतके स्नान-जेवणाचे, आणि उरलेले कित्येक तास त्याच कोठडीत येरझारा घालत, पाठ असलेली भजनं म्हणत. हाताला काम नव्हतं तर पायांना दिलं. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला त्यांनी रोज तासन् तास सूत कातून त्या मजुरीवर पोट भरण्याचा प्रयोग केला, तोही प्रार्थनेइतक्याच निष्ठेने. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रवचनांच्या मागे कोठडीतल्या त्या येरझाऱ्या आहेत, असं मला नेहमी वाटतं.

प्रश्न : मी परतवाड्याचा, नोकरीतून निवृत्त. पत्नी गेल्यापासून घर खायला उठतं. तिच्या क्रोशाच्या सुया आणि दोऱ्याची रिळं अजून कपाटात आहेत. पुरुषाने या वयात विणायला शिकणं बरं दिसेल का? देवावर माझा फारसा विश्वास नाही, हेही सांगून टाकतो.

उत्तर : दादा, बरं दिसेल. युरोपात मध्ययुगानंतर सुयांवर विणणाऱ्यांच्या संघांत बहुतेक पुरुषच असत, शिकाऊ मुलाला वर्षानुवर्षं उमेदवारी करावी लागे. आपल्याकडे टकळीवर सूत काढणारे पुरुष तुम्ही लहानपणी पाहिलेच असतील. आणि हातकाम हा उपचाराचा भाग आहे हे महाराष्ट्राने रुग्णालयातही मान्य केलं, त्याला सत्तर वर्षं उलटून गेली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्न करून इथल्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातलं पहिलं व्यवसायोपचाराचं विद्यालय काढलं. रुग्णाला हाताने काही करायला देऊन पुन्हा उभं करायचं, हे त्या शास्त्राचं मूळ.

क्रोशा शिकायला सुयांच्या विणकामापेक्षा सोपा, कारण एका वेळी एकच टाका सांभाळायचा असतो. आधी नुसती साखळी घाला. वीतभर साखळी एकसारखी यायला लागली की मुका खांब, मग खांब. पहिले काही दिवस चौकोनी रुमालाच्या पुढे जाऊ नका. पांढरा किंवा फिका दोरा घ्या, गडद रंगात टाके दिसत नाहीत. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा घामेजल्या बोटांना लोकर चिकटते. सुती दोराच बरा. अर्ध्या तासाने उठा, मान फिरवा, पाणी प्या. गल्लीतल्या एखाद्या काकूंना शिकवायला सांगा. व्हिडिओवरूनही शिकता येतं, पण तुम्हाला माणूस हवा आहे.

विश्वास नसेल तर नाम घेऊ नका. टाके मोजा. एक ते वीस, पुन्हा एक ते वीस. श्वास संथ व्हायला तेवढं पुरतं. पत्नीचं नाव मनात आलं तर येऊ द्या.

एक गोष्ट मात्र दोघांनाही स्पष्ट सांगते. सलग दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, जगण्याचा कंटाळा येतो, असं झालं तर सुया आणि माळ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. प्रार्थना करणाऱ्या माणसाने मदत मागितली तर श्रद्धा कमी पडली असं होत नाही. बीपीची गोळी घेताना आपण असा विचार करतो का?

जाता जाता अकोल्याच्या ताईंसाठी, परतवाड्याच्या दादांसाठी आणि ज्यांच्या कपाटात उरलेली लोकर आहे अशा सर्वांसाठी. वजन कमी असलेल्या नवजात बाळाची उष्णता डोक्यावाटे झपाट्याने जाते, त्यामुळे टोपडं ही त्याची खरी गरज असते. हिवाळ्यात मेळघाटात, चिखलदरा-धारणीकडे थंडी किती असते हे तुम्ही जाणता. अमरावतीचं डफरीन रुग्णालय असो की अकोल्याचं लेडी हार्डिंग, आधी तिथल्या परिचारिकांना जाऊन विचारा की टोपडी आणि मोजे घेता का, कोणत्या मापाचे, कोणत्या धाग्याचे. मऊ धागा घ्या, बटण-मणी-लोंबता गोंडा नको, आतून गाठी नकोत, देण्याआधी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. त्या हो म्हणाल्या तर कोजागिरीपासून विणायला बसा, म्हणजे थंडी पडेपर्यंत टोपडी पोचतील.